बारा वर्षं मोजायची कुठून? परवानगीने दिलेली जागा आणि प्रतिकूल कब्जा

ठाण्यात जागेचा विषय निघाला की बारा वर्षांचा आकडा निघतोच. मग ते बाळकूम असो, कोलशेत असो, नाहीतर खाडीपलीकडचं घणसोली-गोठिवली. मालक दबक्या आवाजात विचारतो, "त्याला राहून बारा वर्षं होऊन गेली, आता जागा गेली का?" आणि राहणारा तेवढ्याच खात्रीने चारचौघांत सांगतो, "बारा वर्षं झाली, आता कोण काढतंय!" गंमत अशी की दोघंही एकाच चुकीच्या तारखेपासून मोजत असतात. ज्या दिवशी सामान आत आलं, त्या दिवसापासून.

कायदा तिथून मोजत नाही. मुदतीचा कायदा, १९६३ मधला अनुच्छेद ६५ मालकीच्या जोरावर ताबा मागणाऱ्याला १२ वर्षं देतो. ही १२ वर्षं सुरू होतात ताबा मालकाला 'प्रतिकूल' झाला त्या दिवसापासून. तेवढ्या काळात मालकाने दावा लावला नाही, तर कलम २७ प्रमाणे त्याचा हक्कच संपतो. फक्त कोर्टाचं दार बंद होत नाही, मालकीच जाते. सरकारी जमिनीला हीच मुदत ३० वर्षांची आहे, त्यामुळे गुरचरणावर किंवा खाजणावर घर बांधून बारा वर्षं मोजणाऱ्याने आधी जमीन कोणाची आहे ते पाहावं.

प्रतिकूल म्हणजे तीन गोष्टी एकत्र हव्यात. ताबा उघड हवा, सलग हवा आणि मालकाचा हक्क नाकारणारा हवा. पहिल्या दोन गोष्टी वीजबिलं आणि घरपट्टीच्या पावत्या दाखवून जमून जातात. अडतं ते तिसऱ्यापाशी. ज्याला मालकानेच "राहा" म्हटलं, तो मालकाला मालक मानूनच आत आला. तो २० वर्षं राहिला काय आणि ४० वर्षं राहिला काय, नुसतं राहणं म्हणजे नाकारणं नव्हे. ठाकूर किशन सिंग विरुद्ध अरविंद कुमार या १९९४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: परवानगीचा ताबा कितीही लांबला तरी केवळ काळ लोटल्याने तो प्रतिकूल होत नाही, तो कधी आणि कसा फिरला हे कब्जेदाराने सिद्ध करायचं. पुढे २०१२ मध्ये गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराच्या वादात, मारिया मार्गारिडा प्रकरणात, न्यायालय आणखी स्पष्ट बोललं. फुकट राहू दिलेला नातेवाईक, मित्र, राखणदार किंवा नोकर यांना कितीही दशकं राहून जागेत हक्क मिळत नाही. मालकाने मागितली की त्यांनी जागा परत करायची.

पुराव्याचा कायदाही याच बाजूचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२२ प्रमाणे, ज्याच्या परवानगीने तुम्ही जागेत शिरलात त्याला परवानगी देतेवेळी हक्कच नव्हता, असं तुम्हाला म्हणता येत नाही. जुन्या कायद्यात हे कलम ११६ होतं. जुने निकाल वाचताना तो आकडा दिसेल.

एवढं सगळं मालकाच्या बाजूने असूनही मालक हरतात. का हरतात, ते पाहू.

"राहा" आणि "घे" यांतला फरक

परवानगी कागदावर क्वचितच असते. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात, इमारती यायच्या आधी, शेतावर राखणीला एखादं कुटुंब ठेवलेलं असायचं. एक झोपडं, चार वांग्याची रोपं आणि दिवाळीला मालकाकडून कपडे, एवढाच व्यवहार. गावठाणात विधवा आत्याला पडवीतली खोली दिलेली असते. मेहुण्याला धंद्यासाठी रस्त्याकडचा गाळा "तात्पुरता" दिलेला असतो, आणि तात्पुरता या शब्दाला आपल्याकडे अंत नसतो. हे सगळे परवानगीचेच ताबे.

पण कधीकधी आत्याला नुसतं "राहा" म्हटलेलं नसतं. "ही खोली तुझी, तुला दिली" असं म्हटलेलं असतं. स्थावराचं बक्षीसपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, म्हणून ते देणं कायद्याने कुचकामी. तरी ताबा मात्र परवानगीचा उरत नाही! ती त्या दिवसापासून मालकीण म्हणून राहते आणि बारा वर्षं तिथूनच सुरू होतात. मुंबईचा एक जुना दाखला इथे उपयोगी पडतो. १८६५च्या ठरावाने सरकारने मुंबईच्या नगरपालिकेला बाजारासाठी जागा बिनभाड्याने दिली; देण्याची कायदेशीर रीत पाळली नव्हती, म्हणून ते देणं अवैध होतं. तरीही १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतक्या वर्षांच्या ताब्याने महापालिकेला ती जागा बिनभाड्याने कायम धरण्याचा हक्क मिळालेला आहे. देणं अवैध होतं म्हणूनच ताबा प्रतिकूल धरला गेला. अशा दाव्यात साक्षीदाराला उलटतपासणीत "तिला वापरायला दिली होती की देऊन टाकली होती?" असं विचारतात तेव्हा उत्तरातल्या एका क्रियापदावर सगळं फिरतं. मालकाच्या बाजूचा म्हातारा काका भाबडेपणाने "देऊन टाकली होती की दादाने" म्हणाला, की संपलं.

साठेकराराचा, म्हणजे पुढे खरेदीखत करून देऊ अशा कराराचा ताबा हा तिसरा प्रकार, आणि ठाणे जिल्ह्यात तो ढिगाने आहे. साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र केलं, काही रक्कम दिली, ताबा घेतला आणि खरेदीखत राहूनच गेलं. असा खरेदीदार विकणाऱ्याला मालक मानूनच आत असतो, कारण खरेदीखत त्याच्याकडूनच घ्यायचं असतं. १९९०च्या अचल रेड्डी निकालाने हा ताबा परवानगीचाच धरला. मात्र पूर्ण किंमत देऊन व्यवहार संपवला, विकणाऱ्याने जागेवर कायमचं पाणी सोडलं, फक्त नोंदणी राहिली, असं असेल तर चित्र वेगळं होतं. म्हणून साठेकरारातलं "उर्वरित रक्कम" हे वाक्य नीट वाचा. तसंच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं संरक्षण मागायचं असेल, तर २४ सप्टेंबर २००१ नंतरचा करार नोंदणीकृत असावा लागतो.

सहहिस्सेदारांचं थोडक्यात सांगतो. भाऊ शेत कसतो, बहीण नवी मुंबईत राहते, सातबारावर दोघांची नावं. भावाचा ताबा हा बहिणीच्या वतीनेही असतो. तिला हिस्सा नाकारून, तिला कळेल अशा रीतीने बाहेर काढल्याशिवाय तो प्रतिकूल होत नाही. बहिणीने वर्षानुवर्षं तांदूळ नेले नाहीत, म्हणून हक्क गेला असं होत नाही.

घड्याळ सुरू होतं ते या क्षणी

परवानगीचा ताबा फिरू शकतो. पण त्यासाठी कब्जेदाराने उघडपणे बाजू बदलावी लागते आणि ते मालकापर्यंत पोहोचावं लागतं. मनातल्या मनात मालक झालेला माणूस कायद्याला दिसत नाही.

व्यवहारात बाजू बदलल्याच्या खुणा ओळखीच्या आहेत. मालक जागा बघायला आला तेव्हा "तुमचा इथे काय संबंध?" म्हणत त्याला फाटकाबाहेर थांबवणं. भूमी अभिलेखच्या मोजणीला हरकत घेऊन "ही जमीन माझी" असं लिहून देणं. तहसीलदाराकडे स्वतःचं नाव लावण्यासाठी अर्ज करून मालकाला नोटीस जाऊ देणं. जागेचा तुकडा तिसऱ्याला विकणं. आणि सगळ्यात ठसठशीत खूण म्हणजे मालकाच्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर देऊन मालकी साफ नाकारणं. त्या उत्तरावरची तारीख मालकाने तांबड्या शाईने लिहून ठेवावी. त्याआधी २५ वर्षं गेली असली तरी चालतील, पण त्या तारखेनंतरची बारा मात्र चालणार नाहीत.

इथे दोन गैरसमज सर्रास आढळतात. नोटीस पाठवली की मुदत थांबते, हा पहिला. ती थांबत नाही, दावा दाखल झाल्यावरच थांबते. दर पाच वर्षांनी वकिलाकडून एक कडक नोटीस पाठवणारे मालक टपाल खात्याचा फायदा करतात, स्वतःचा नाही. दुसरा, मालक वारला किंवा जमीन विकली गेली की मोजणी नव्याने सुरू होते, हा. एकदा सुरू झालेली मुदत वारसाविरुद्ध आणि खरेदीदाराविरुद्धही चालूच राहते. मालक हयात असतानाच घड्याळ सुरू झालं असेल, तर वारस पाच वर्षांचा अज्ञान मुलगा आहे म्हणून ते थांबत नाही.

वीजबिल, पाणीपट्टी, आधार, मतदार यादी, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा यांनी राहणं सिद्ध होतं, नाकारणं सिद्ध होत नाही. उलट महावितरणच्या फायलीत मालकाच्या बाजूचं सोनं दडलेलं असतं. मीटर घेताना अर्जदार मालक नसेल तर मालकाची ना हरकत मागतात. ३० वर्षांपूर्वी वडिलांनी दिलेलं ते चार ओळींचं पत्र, अर्जदाराच्या सहीसह, परवानगीचा पहिल्या प्रतीचा पुरावा ठरतं. घरात प्रत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून जुनी फाइल मागावी. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीतही मालक आणि भोगवटादार अशी वेगळी नावं असतात; भोगवटादाराच्या रकान्यात त्याचं आणि मालकाच्या रकान्यात तुमच्या आजोबांचं नाव असेल, तर ती प्रत काढून ठेवा.

मालक स्वतःच्या नोटिशीने कसा अडकतो

माझ्या मते परवानगीच्या प्रकरणांची सर्वात मोठी नासाडी पहिल्या नोटिशीत होते. रागाच्या भरात लिहिलं जातं: "तुम्ही गेली २२ वर्षं सदर जागेत बेकायदा घुसखोरी करून, आमचा हक्क नाकारून अनधिकृत कब्जा केलेला आहे." वाचायला झणझणीत, पण समोरच्याच्या वकिलाला हवं होतं ते सगळं तुम्ही स्वतःच्या सहीने दिलंत. २२ वर्षं, हक्क नाकारून, परवानगीशिवाय. आता परवानगी होती हे पुढे कोर्टात सांगायला गेलात की "मग नोटिशीत घुसखोर का म्हटलंत?" हा प्रश्न येणारच.

नोटिशीची रीत साधी आहे. कोणी, कोणाला, साधारण कोणत्या साली, कशासाठी जागा वापरायला दिली ते लिहा. मोबदला नव्हता, किंवा होता तर किती, ते लिहा. आता कोणत्या तारखेपासून परवानगी काढून घेत आहोत ते लिहा. सामान हलवायला वाजवी मुदत द्या. सुखाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे राहणाऱ्याला तो हक्क आहे. खोलीला ३० दिवस, चालू वर्कशॉपला त्याहून जास्त. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा बिनचूक द्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. अनेक नोटिशींमध्ये गुंठे एक आणि चौरस मीटर भलतेच असतात, आणि मग दाव्यात "नेमकी कुठली जागा?" यावरच वर्ष जातं. पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा, पोहोच जपून ठेवा.

घोडबंदरच्या बाजूला जमीन घेणाऱ्या विकासकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. जुन्या मालकाने दिलेली परवानगी नव्या मालकावर बंधनकारक नसते, सुखाधिकार कायद्याचं कलम ५९. म्हणजे राखणदाराला उठवणं सोपं, असं वाटतं. पण खरेदीखतात "जागा रिकामी, निर्वेध ताब्यासह" असं छापील वाक्य टाकलेलं असतं आणि जागेवर कुटुंब राहत असतं. हे खोटं वाक्य पुढे त्रास देतं. त्याऐवजी खरेदीखतातच लिहावं की अमुक चौरस फूट भागात विकणाऱ्याच्या परवानगीने राखणदार राहतो. आणि त्या राखणदाराकडून, विकणाऱ्यासमोर, तसं लिहून घ्यावं.

भीती प्रतिकूल कब्जाची, धोका दुसरीकडे

बारा वर्षांचा बागुलबुवा इतका मोठा आहे की खरे धोके त्याच्या मागे झाकले जातात.

पहिला धोका पक्क्या बांधकामाचा. सुखाधिकार कायद्याच्या कलम ६० मध्ये म्हटलंय की परवानगीवर विसंबून राहणाऱ्याने कायम स्वरूपाचं काम केलं आणि त्यासाठी खर्च केला, तर ती परवानगी परत घेता येत नाही. राम सरूप गुप्ता प्रकरणात १९८७ मध्ये एका शाळेची जागा याच मुद्द्यावर शाळेकडे राहिली. बांधकाम परवानगीच्या आधारे झालेलं असावं लागतं, त्यात पैसा गेलेला असावा लागतो आणि उलट करार झालेला नसावा लागतो. राखणदाराच्या पत्र्याच्या झोपडीच्या जागी विटांची भिंत चढताना मालक "बांधू दे, पावसात गळतं" म्हणाला, तर त्याने जी गोष्ट दिली ती बारा वर्षांच्या ताब्यापेक्षा जड आहे. म्हणून बांधकाम सुरू झालं की लगेच लेखी हरकत घ्या, आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात त्याची प्रत द्या. दुरुस्तीला परवानगी द्यायचीच असेल तर लेखी द्या, "पक्क्या बांधकामाला संमती नाही, खर्चाबद्दल हक्क राहणार नाही" या वाक्यासह.

दुसरा धोका कुळाचा. राखणदार शेताच्या तुकड्यावर भात किंवा भाजी करत असेल, तर त्याला प्रतिकूल कब्जाची गरजच नाही. कूळ कायदा, १९४८ चं कलम ४ दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कूळ मानतं. अपवाद आहेत: मालकाच्या कुटुंबातली व्यक्ती आणि मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर राबणारा माणूस. म्हणून पगार रोखीत देऊन विसरू नका. बँकेतून द्या किंवा पावती घ्या. पगाराची पावती हा कूळ नसल्याचा पुरावा, आणि परवानगीचाही. कुळाचा मुद्दा दिवाणी दाव्यात उपस्थित झाला की तो ठरवायला तहसीलदाराकडे पाठवावा लागतो, आणि तोवर दावा लोंबकळतो. जुने हस्तलिखित सातबारे, पीकपाहणीचे रकाने, १ एप्रिल १९५७ (कूळ कायद्याने कुळांना जमिनीचे मालक मानलं तो दिवस) च्या आसपासच्या नोंदी, आणि मालकाखेरीज दुसऱ्याच्या ताब्याची नोंद जिथे होते ते गाव नमुना सात-ब आणि चौदा, हे सगळं दावा लावण्याआधी काढा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण जुन्या दप्तरात नाव तलाठ्याचंच आहे. ई-पीक पाहणी दर हंगामात तुमच्या नावाने झाली का, हेही बघत चला.

घर किंवा गाळा असेल तर तिसरी गोष्ट, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. त्यामुळे "नात्यातला आहे, महिन्याला हजार देतो, कागद कशाला" हा शहाणपणा महागात पडतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे! राहण्यासाठी दिलेल्या जागेचा नोंदणीकृत करार असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी परवाना शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. दिवाणी दाव्याच्या तुलनेत हे काहीच नाही. आणि घर फार जुन्या वहिवाटीचं असेल तर १ फेब्रुवारी १९७३ ही तारीखही तपासा, कारण त्या दिवशी चालू असलेल्या परवान्यावर राहणाऱ्यांना जुन्या भाडे कायद्याने भाडेकरू करून टाकलं होतं.

आदिवासी खातेदाराची जमीन हा या सगळ्यापलीकडचा विषय. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे बिगरआदिवासी माणूस "आमची ३० वर्षांची वहिवाट" म्हणतो तेव्हा महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. जी जमीन परवानगीशिवाय विकताच येत नाही, ती नुसतं बसून मिळवता येत नाही. ओडिशातल्या अशाच जमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००३-०४ च्या सुमारास, अमरेंद्र प्रताप सिंग प्रकरणात, हेच सांगितलं.

नवी मुंबईतला गुंता

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, आणि मिळकत पत्रिका अजून बऱ्याच ठिकाणी वादात आहे. मालकीचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीच्या काळातली आकारणी, जुनी घरपट्टी आणि शेजाऱ्यांच्या साक्षी एवढंच हाती असतं. अशा ठिकाणी आधी मालकी सिद्ध होणं अवघड, मग परवानगी. एक लक्षात ठेवण्यासारखं: समोरचा प्रतिकूल कब्जा मांडतो तेव्हा तो तुमची मालकी गृहीत धरूनच मांडतो. त्याच्या कैफियतीतलं, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातलं ते वाक्य मालकासाठी कामाचं असतं.

सिडकोच्या भूखंडांवर तर मूळ जमीन भाडेपट्ट्याने, बहुतेक ६० वर्षांच्या, दिलेली आहे. पट्टेदाराच्या भूखंडावर कोणी बारा वर्षं बसला, तरी त्याने फार तर पट्टेदाराचा उरलेला हक्क गाठला. सिडकोला पट्टा चालू असताना ताबा मागण्याचा अधिकारच नसतो, म्हणून सिडकोविरुद्ध घड्याळ फिरत नाही. साडेबारा टक्क्यांच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ जमीनमालकांना मिळालेल्या) भूखंडाबाबत हे न समजून घेता केलेले व्यवहार पुढे हस्तांतरणाच्या टप्प्यावर अडकतात.

राहणाऱ्याच्या बाजूने

तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तरी हेच नियम उलटे वाचा. २००४च्या कर्नाटक वक्फ बोर्ड निकालाने यादीच दिली आहे: ताबा कोणत्या तारखेला मिळाला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, मालकाला तो माहीत होता का, किती काळ चालला, उघड आणि निर्वेध होता का. कैफियतीत तारीख नाही म्हणजे बचावही नाही. "पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे" हे वाक्य भावनेला चांगलं, मुदत मोजायला निरुपयोगी. दुसरं, एकाच कागदात "मी कूळ आहे, ते नसेल तर विकत घेतली आहे, ते नसेल तर प्रतिकूल कब्जाने मालक आहे" असं सगळं ओतू नका. मालकाला मालक मानणारी गोष्ट आणि त्याला नाकारणारी गोष्ट एकत्र नांदत नाहीत.

२०१९च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालानंतर प्रतिकूल कब्जाने मिळालेल्या हक्कावर कब्जेदार स्वतः दावाही लावू शकतो. आधी ती फक्त ढाल मानली जायची. पण तलाठी किंवा तहसीलदार असा हक्क ठरवत नाही. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणा, मग फेरफार होतो. विधी आयोगाने २०२३च्या २८०व्या अहवालात या कायद्यात बदल सुचवलेला नाही, म्हणजे २००८ मध्ये हेमाजी वाघाजी प्रकरणात न्यायालयाने ज्याला अतार्किक म्हटलं होतं तो नियम तसाच आहे.

परवानगीने राहणाऱ्याला प्रामाणिकपणे मागता येण्यासारखं मात्र बरंच असतं: निघायला वाजवी वेळ, मोबदला देऊन परवानगी घेतली असेल आणि मुदतीआधी काढलं तर सुखाधिकार कायद्याच्या कलम ६४ खाली भरपाई, आणि कोर्टाबाहेर समजुतीने काही रक्कम. मालकाने रातोरात कुलूप लावलं तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, मालकीचा प्रश्न न काढता. मालकांनी म्हणूनच माणसं नेऊन घर रिकामं करायच्या भानगडीत पडू नये. घोषित झोपडपट्टीत तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय काढताच येत नाही.

दाव्यात काय मागायचं

कोर्ट नाक्यावर असो की बेलापूरला, दाव्याची मागणी विचार करून लिहा. परवानगी काढल्यावर लगेच दावा लावला तर "जागा रिकामी करून द्या" असा आज्ञार्थी मनाई हुकूम मागता येतो, हे १९८५च्या संत लाल जैन निकालावरून सांगितलं जातं. उशीर झाला असेल, किंवा समोरच्याने मालकी नाकारली असेल, तर मालकीची घोषणा आणि ताबा, दोन्ही मागा. फक्त घोषणा मागून ताबा न मागितलेला दावा त्याच कारणाने फेटाळला जातो. मधल्या काळातल्या भोगवट्याची भरपाई मागायला विसरू नका. बांधकाम थांबवण्यासाठी तात्पुरता मनाई हुकूम आणि जागेची मोजणी करण्यासाठी कोर्ट कमिशनर, हे अर्ज सुरुवातीलाच द्या. राहणाऱ्याने आणखी कोणाला आत घेतलं असेल तर त्यांनाही प्रतिवादी करा, नाहीतर बजावणीच्या दिवशी दारात एक नवाच माणूस "मी स्वतंत्र" म्हणत उभा राहतो.

मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखने मोजणीनंतर दिलेला नकाशा, दाव्याला जोडा, आणि क्षेत्र तिच्याप्रमाणेच लिहा. सातबारावर १२ गुंठे आणि जागेवर साडेदहा, हे ठाण्यात नवल नाही.

शेवटचा तपशील बजावणीचा, जो फार थोडे वकील पक्षकाराला आधी सांगतात. ताब्याच्या हुकूमनाम्याची बजावणी १२ वर्षांत करता येते, मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद १३६. आज्ञार्थी मनाई हुकमाची मात्र ३ वर्षांतच, अनुच्छेद १३५. नात्यातला माणूस आहे म्हणून निकालानंतर "दोन गणपती जाऊ देत" असं म्हणणाऱ्या मालकाने आपल्या हातातला हुकूम यांपैकी कोणता आहे, ते आधी वाचावं.